तानाबाई विहिरीवर का जाते? (गुण चार)

माझी पुस्तकं महाराष्ट्रात घराघरांत गेली आणि परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी रद्दीतही गेली. मला त्याचं वाईट वाटत नाही. कवितासंग्रहांचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे. ते रद्दीत जात नाहीत, कारण ते कवीच्या घराबाहेरच पडत नाहीत. माझं पुस्तक निदान पोरांच्या दप्तरात फिरतं, त्यावर चहा सांडतो, कुणाकुणाच्या नावाचे बदाम काढले जातात. मी बारावीच्या मराठीची गाइडं लिहिते. चौतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं, त्यातली वीस वर्षं गाइडं लिहिली आणि निवृत्त झाल्यावर बिबवेवाडीच्या आमच्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत चार मुलांना शिकवते.

आमच्या धंद्यातल्या लोकांना साहित्यिक म्हणत नाहीत. संमेलनात आम्हाला बोलावत नाहीत, बोलावलं तर जेवणाच्या रांगेत उभं करतात. म्हणून या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाविषयी लिहा' असा फोन केला तेव्हा मी आधी खात्री करून घेतली की नंबर चुकला नाही ना.

ज्यांनी बारावीनंतर गोष्ट वाचलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. परीक्षेत कथेवर प्रश्न येतात ते ठरलेले. अमक्याचं स्वभावचित्रण करा. कथेची मध्यवर्ती कल्पना लिहा. शीर्षक कसं समर्पक आहे ते स्पष्ट करा. शीर्षक समर्पक नाही असं लिहायची सोय नाही. स्वभावचित्रण करायचं म्हणजे गोष्टीतला माणूस उचलायचा, त्याला तीन-चार विशेषणं लावायची, प्रत्येक विशेषणाखाली गोष्टीतला एक प्रसंग ठेवायचा आणि शेवटी 'अशा प्रकारे' म्हणून दार लावून घ्यायचं. विशेषणांखाली रेघ मारायची, कारण तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो आणि त्याची नजर रेघेवरून रेघेवर उड्या मारत जाते. मी स्वतः गठ्ठे तपासलेत, त्यामुळे हे मला कुणी शिकवायला नको.

याला घोकंपट्टी म्हणतात लोक. म्हणोत बापडे. ज्या पोराने जन्मात गोष्ट वाचलेली नाही, त्याला माझ्या गाइडमुळे एवढं तरी कळतं की माणूस कसा आहे हे तो काय करतो त्यावरून ठरवायचं असतं. कुणाचा कोण आणि कुठल्या आळीतला यावरून ठरवायचं नसतं. पुण्यात हे कळायला काहींना उभा जन्म पुरत नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक भेटली. एका मुलाने माझं उत्तर इतकं पाठ केलं होतं की स्वभावचित्रणाच्या मध्येच त्याने 'पुढे चालू, पृष्ठ ६८ पाहा' असंही लिहून टाकलं. एका कंपनीतले मोठे साहेब, त्यांचा मुलगा माझ्याकडे यायचा, त्यांनी फोन केला. "मॅडम, या स्टोरीची थीम एका लाइनमध्ये मिळेल का? त्याला सध्या बॅन्डविड्थ नाहीये."

मी म्हटलं, "अहो, लेखकाला एका ओळीत जमलं असतं तर त्याने बारा पानं कशाला लिहिली असती?"

"त्याने ऑप्टिमाइज करायला हवं होतं," ते म्हणाले. मी फोन ठेवला.

आणि आमच्या परीक्षकांच्या सभा! एका गोष्टीतला म्हातारा कंजूष की काटकसरी यावर आम्ही बारा प्राध्यापक एक अख्खी दुपार भांडलो होतो. दोघांनी तर एकमेकांचे प्रबंध बाहेर काढले. शेवटी अध्यक्षांनी हात वर करायला सांगितले. कंजूष सात, काटकसरी पाच. त्या वर्षी ज्या पोरांनी काटकसरी लिहिलं त्यांचा अर्धा-अर्धा गुण गेला. मी कंजूषवाल्यांत होते, आणि अजूनही माझं मत तेच आहे.

एवढं सगळं अशासाठी सांगितलं की मी काय तोऱ्यात होते ते तुमच्या लक्षात यावं. आता शालनची हकिगत सांगते.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, दुपारी, दारात एक चाळिशीच्या आतबाहेरची बाई उभी राहिली. नीटनेटकी साडी, खांद्याला पिशवी, चपला जिन्यातच काढलेल्या. वारज्याला राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने तिला पाठवलं होतं.

"या, बसा," मी म्हटलं. "मुलगा की मुलगी?"

"मीच," ती म्हणाली. "मीच बसलेली परीक्षेला. आन् मला अहोजाहो नका करू, बाई. मला शिकायचंय तुमच्याकडं."

शालन वारज्यातल्या एका अंगणवाडीत मदतनीस होती. पोरांना घरून बोलावून आणायचं, खाऊ वाटायचा, नाकं पुसायची, झाडलोट करायची. तिथली सेविका दिवाळीच्या सुमाराला निवृत्त होणार होती. शालन बारावी पास असती तर त्या जागेवर तिची नेमणूक झाली असती. लग्नाआधी दहावी झालेली. मग फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसली. सगळ्या विषयांत पास झाली, इंग्रजीतसुद्धा, आणि मराठीत नापास. शंभरापैकी एकतीस.

"मराठीत?" मी विचारलं. मला हसू आवरेना, खोटं कशाला बोलू.

"हसा," ती म्हणाली. "आमच्या घरीबी हसले." आणि तिने पिशवीतून स्वतःच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत काढली. फॉर्म भरून ती मागवता येते, पण मागवणारी पोरं शेकड्यात एखाद-दुसरं. हिने मागवली होती, आणि एका पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता. "ह्यात माझं काय चुकलं ते सांगा. चारातला एकबी मार्क न्हाई दिला. हे चार मिळाले असते तर मी पास होते."

तो प्रश्न ज्या कथेवर होता तिचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर दिवाळीत फोन बंद ठेवावा लागेल. जुनी, नावाजलेली कथा. आपण तिला विहिरीची गोष्ट म्हणू. गोष्ट अशी. एका खेड्यात पाण्याचं दुर्भिक्ष. घरात सासू, दीर, धाकटी जाऊ आणि थोरली तानाबाई, ती विधवा. तानाबाई गावाबाहेरच्या विहिरीवरून दिवसभर पाणी आणते. धाकटी म्हणते मी येते, तर तिला येऊ देत नाही. मग दीर परसात विहीर खणतो. पाणी लागतं, चाखून बघतात तर गोड, घरात गूळ वाटतात. सगळे म्हणतात, तानाबाईचे कष्ट सरले. तानाबाईच्या डोळ्यांत पाणी येतं. इथे पाठ संपतो. खाली कंसात 'संपादित' असं लिहिलेलं आहे.

या तानाबाईचं स्वभावचित्रण मी वीस वर्षांपूर्वी लिहिलं. कष्टाळू, सोशिक, त्यागमूर्ती. धाकट्या जावेला त्रास नको म्हणून एकटीने झिजणारी. परसात पाणी लागल्यावर कुटुंबाच्या सुखाने जिचे डोळे आनंदाश्रूंनी भरतात अशी. शिवाय एक चौथं विशेषणही मी दिलं होतं, निसर्गप्रेमी. ते का, ते पुढे सांगते. हे उत्तर इतकं चाललं की इतर गाइडवाल्यांनीही ते उचललं. मी तक्रार केली नाही, उलट मला बरंच वाटलं.

शालनने लिहिलं होतं ते असं: 'तानाबाई त्यागी नाही. तिला विहिरीवर जायला आवडते. घरात ती विधवा आहे पण विहिरीवर बाया तिला तानी म्हणतात. तिथे ती हसते. म्हणून ती जावेला येऊ देत नाही. विहीर घरात आली म्हणून ती रडली.'

'त्यागी नाही' खाली तपासणाऱ्याने लाल रेघ मारली होती, पुढे प्रश्नचिन्ह, आणि समासात भोपळा.

"काय चुकलं?" तिने पुन्हा विचारलं.

"सगळंच," मी म्हटलं. "मी असते तर मीही शून्यच दिलं असतं."

ती उठून जाईल असं मला वाटलं होतं. ती उठली नाही. तिने पाठ्यपुस्तक उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "मग हे वाचा. 'घरातले हंडे भरलेले होते. तानाबाईने कडेचा हंडा अळवात ओतला आणि चुंबळ उचलली.' बाई, एवढा दुष्काळ. भरलेला हंडा अळवाला कोण ओतंल?"

"तिचं झाडांवर प्रेम आहे," मी म्हटलं. माझं चौथं विशेषण याच ओळीवर उभं होतं.

"अळवावर?" शालन म्हणाली. तिने एवढंच विचारलं, पण ज्या सुरात विचारलं तो सूर मी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वापरत आले होते. "अळू मोरीच्या सांडपाण्यावर वाढतंय, बाई. तिला परत जायचं होतं विहिरीवर. म्हणून हंडा रिकामा केला. आन् हितं शेवटी 'डोळ्यांत पाणी आलं' एवढंच लिवलंय. तुमच्या गाइडात आनंदाश्रू. आनंद कुठनं आला?"

मी चिडले. अहो, वीस वर्षं छापलेलं उत्तर, आणि ही कालची बाई मला विचारते आनंद कुठून आला! मी तिला सांगितलं, "हे बघ, तुला पास व्हायचंय ना? मग लेखक काय म्हणतो ते सोड आणि तपासणारा काय शोधतो ते लिही."

"म्हंजे खोटं लिवू?"

"खोटं नाही. छापलेलं."

मग मी तिला विचारलं, एवढी अडून का बसलीस या एका तानाबाईवर? तेव्हा तिने सांगितलं. तिचं लग्न होऊन ती वारज्यात आली तेव्हा सासरी शेत होतं, सगळ्यांचं पाणी एकाच सार्वजनिक नळावर. पहाटे तिथे बायकांची रांग. मग गाव शहरात आलं, शेतात इमारती उभ्या राहिल्या, घरात तीन-तीन नळ आले. "सगळे म्हणायचे, शालन, सुटलीस बघ. मला वर्षभर करमलं न्हाई. कुणाला सांगणार? लोक म्हणतील, येडी हाय का ही." मग अंगणवाडीचं काम मिळालं तेव्हा ती पुन्हा माणसात आली. आता घरात भाड्याचं उत्पन्न होतं, कशाची कमतरता नव्हती, आणि नवऱ्याचं म्हणणं पडलं की लोकांच्या पोरांची नाकं कशाला पुसायची, घरी बस. त्याने शेवटचं सांगितलं होतं. जुलैच्या परीक्षेत पास झाली आणि सेविका झाली तर कर नोकरी. नाही तर दिवाळीपासून घरात.

"वाईट माणूस न्हाई हो तो," ती म्हणाली. "त्याला वाटतंय मला सुख देतोय."

तेव्हा मला तिची काळजी वाटायला लागली, आणि काळजी वाटली की मी जास्तच कडक होते. महिनाभर मी तिला घासलं. रोज दुपारी दोन बस बदलून ती यायची. निबंध, पत्र, सारांश, सगळं. आणि तानाबाई दिवसाआड. ती लिहायची, मी तपासायचे. आठ दिवस ती आपलंच लिहीत राहिली आणि मी लाल रेघा मारत राहिले. नवव्या दिवशी तिने 'त्यागमूर्ती' लिहिलं आणि त्याखाली पट्टी ठेवून रेघ मारली. मी म्हटलं, शाब्बास. तिने वही मिटून पिशवीत टाकली.

पण ते अळू माझ्या डोक्यातून जाईना. भाजीवाल्याकडे अळूची जुडी बघितली तरी मला शालनचा तो सूर ऐकू यायचा. शेवटी परीक्षेला चार दिवस राहिले असताना मी पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयात गेले. ही कथा मुळात एका दिवाळी अंकात आली होती एवढं मला माहीत होतं. तिथल्या ग्रंथपालांनी चष्म्यावरून बघितलं. "अंक वाचायला हवाय की चाळायला?"

"फरक काय पडतो?"

"वाचायला असेल तर बसा. चाळायला असेल तर उद्या या, आज धूळ फार आहे."

मी बसले. पिवळी पडलेली पानं, कडा तुटलेल्या. गोष्ट सापडली. माझा पाठ जिथे संपतो, 'तानाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं', त्याच्याखाली आणखी एक परिच्छेद होता. जागेअभावी तो पाठ्यपुस्तकात आला नसणार, आणि 'संपादित' असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. गाळलेलं काय आहे हे बघायचं काम माझं होतं. वीस वर्षांत मी ते एकदाही केलं नव्हतं. मी माझं पहिलं उत्तर माझ्याआधीच्या गाइडवरून बेतलं होतं, आणि त्याने कशावरून बेतलं होतं ते देव जाणे. आमच्या धंद्यात सगळे असंच करतात, पण तो काही बचाव होत नाही.

त्या परिच्छेदात असं होतं. दुसऱ्या दिवशी घर उठायच्या आत तानाबाई भरलेला हंडा अळवात ओतते आणि गावाबाहेरच्या विहिरीची वाट धरते. तिथल्या बायका विचारतात, 'तानी, तुझ्या परसात तर विहीर लागली ना गं?' तानाबाई दोर सोडत म्हणते, 'लागली. पण पाणी मचूळ हाय.' गोष्ट तिथे संपते.

मचूळ! सगळ्या घराने जे पाणी चाखून गोड म्हटलं होतं, ते! माझी कानशिलं तापली. त्या थंडगार खोलीत मी तोंडावर पदर धरून बसले. ग्रंथपाल म्हणाले, "बाई, पाणी हवं का?" मी नाही म्हटलं.

त्या पानाची छायाप्रत काढून घेतली आणि तिथून उठले ती थेट बुधवार पेठेत आमच्या प्रकाशकांकडे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मी त्यांना परिच्छेद वाचून दाखवला आणि म्हटलं, पुढच्या आवृत्तीत हे उत्तर बदलायचं.

अण्णांनी पान लावलं. "बाई, आनंदाश्रू वीस वर्षं चाललेत. आता त्यांना खारट कशाला करताय?"

"अण्णा, ते चूक आहे."

"असेल. पण तपासणारे तुमचंच गाइड उशाशी घेऊन तपासतात. तुम्ही बदललंत आणि त्यांच्याकडे जुनी प्रत असली, तर त्या पोरांनी काय करायचं? तुम्ही त्यांच्या घरी जाऊन सांगणार का, तुमची तानाबाई आता बदलली म्हणून?"

अण्णांचं बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती. एका खऱ्या उत्तरापायी शालन आधीच एकदा नापास झाली होती. मी बसमध्ये विचार केला, घरी येऊन केला, आणि ठरवलं की तिला सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी त्या परिच्छेदाची छायाप्रत कपाटात ठेवली आणि तिच्याकडून तानाबाई पुन्हा एकदा म्हणवून घेतली. कष्टाळू, सोशिक, त्यागमूर्ती, निसर्गप्रेमी. ती घडाघडा म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "बाई, आली! तानाबाई आली!"

"काय लिहिलंस?"

"तुमचंच. निसर्गप्रेमीबी लिवलं, रेघ मारून."

मी म्हटलं, छान. फोन ठेवल्यावर मात्र मला जेवण गेलं नाही.

शालन पास झाली. अठ्ठेचाळीस गुण. पेढे घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. ती माझ्या पाया पडली आणि मला ते सहन होईना. मी कपाटातून तो जुना परिच्छेद काढून तिच्या हातात दिला. "वाच," म्हटलं.

तिने मोठ्याने वाचला, ओळीखाली बोट फिरवत. 'पाणी मचूळ हाय' पाशी आली तेव्हा ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग तिने कागदाची घडी घातली. "तुम्हाला कधी कळलं हे?"

मला खोटं बोलता आलं असतं. "परीक्षेच्या आधी चार दिवस," मी म्हटलं.

"बरं केलं सांगितलं न्हाई ते. सांगितलं असतं तर मी तेच लिवलं असतं आन् परत घरी बसले असते." आणि मग, अगदी हळू: "पण बाई, सगळ्या पेपरात तेवढं एकच उत्तर माझं होतं."

मी चौतीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याला जे म्हटलं नव्हतं ते तिला म्हटलं. "चुकलं माझं, शालन."

"असू द्या," ती म्हणाली. "पास झाले की." आणि तिने मलाच पेढा भरवला.

पुढच्या आवृत्तीच्या वेळी मी अण्णांकडे अडून बसले. उत्तर बदलत नसाल तर गाइडवरचं माझं नाव काढा, म्हटलं. अण्णा नाव काढणारे नव्हते, नावावर खप होता. शेवटी तहाची बोलणी झाली. निसर्गप्रेमी गेलं, 'आनंदाश्रू'चं नुसतं 'अश्रू' झालं, आणि खाली एक टीप आली की मूळ कथेचा शेवट वेगळा असून विद्यार्थ्यांनी तो जरूर वाचावा. त्यागमूर्ती अजून तिथेच आहे. तिला हलवणं मला जमलेलं नाही, आणि त्या टिपेवर विश्वास ठेवून कुणा पोराने स्वतःचं डोकं चालवलं आणि गुण गमावले, तर ते पाप माझ्या माथी.

शालनची नेमणूक दिवाळीनंतर झाली. वारज्यातल्या त्यांच्या मंडळाने तिचा सत्कार ठेवला आणि मला तिच्या बाई म्हणून बोलावलं. मांडव, खुर्च्या, तिचा फोटो असलेला एवढा मोठा फ्लेक्स. पुढच्या रांगेत तिचा नवरा फेटा बांधून बसलेला, चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं. मागे सतरंजीवर बायका. तिथल्या एका पुढाऱ्यांनी माइक घेतला आणि सुरुवात केली की आमच्या शालनवहिनींचं जीवन म्हणजे त्याग. घरच्यांसाठी त्याग, समाजासाठी त्याग, चिमुकल्यांसाठी त्याग. दहा मिनिटांत त्यांनी माझं अख्खं गाइड म्हटलं, वाचलेलं नसताना. मी खुर्चीत अंग चोरून बसले.

शालनला शाल दिली, नारळ दिला आणि 'दोन शब्द' म्हणून माइक दिला. एरवी बायका 'सगळ्यांचे आभार' म्हणतात आणि बसतात. ती नारळ कडेवर धरून उभी राहिली.

"साहेब चांगलं बोलले," ती म्हणाली. "पण मी त्याग-बिग काही केलेला न्हाई. मला घरात बसवत नव्हतं. घरात सगळं हाय, कुणी मला त्रास देत न्हाई, तरी बसवत नव्हतं. अंगणवाडीत मला बरं वाटतं. तिथं मला शालन म्हणून हाक मारतात. म्हणून मी शिकले. माझ्यासाठी शिकले."

पुढारी साहेब घड्याळ बघायला लागले. नवऱ्याचा चेहरा पडला, त्याने फेट्याचं टोक दोनदा मागे सारलं, मग बायकोकडे बघितलं, पहिल्यांदाच बघावं तसं. सतरंजीवरच्या एका म्हातारीने टाळी वाजवली. मग तिच्या शेजारणीने. मग सगळ्या बायकांनी.

त्या गोंधळात कुणीतरी माइक माझ्या हातात दिला. "बाई, आपणही विद्यार्थिनीबद्दल काही सांगा." मी उभी राहिले. चौतीस वर्षं वर्गात बोललेली मी, पण बोलण्यासारखं एकच वाक्य माझ्याजवळ होतं.

"उत्तर बरोबर आहे," मी म्हटलं. "चारापैकी चार."